लांब पुलावरचा हात

"तू वर जाणार आहेस की नाही, तेवढं सांग," ऑलिव्हने दारातूनच विचारलं. "बसायला नाही आले मी."

आयडा पास्को स्वयंपाकघरात एका राखाडी, दगडासारख्या भोपळ्याशी झटत होती. सुरा अर्ध्यात अडकून बसला होता. तिने सुऱ्यासकट भोपळा उचलला, ओट्यावर दोनदा आपटला आणि मग म्हणाली, "बस तरी. चहा टाकते."

"तो भोपळा अंगणात नेऊन कुऱ्हाडीनं फोड. व्हर्न तसाच फोडायचा."

व्हर्नचं नाव निघालं आणि दोघीही थांबल्या. व्हर्न हॅलम, ऑलिव्हचा नवरा, गावचा सुतार, मंगळवारी दुपारी जेवून आडवा झाला होता तो उठलाच नव्हता. वेरिनबात कोणी वारलं की पेटी व्हर्नच बनवायचा आणि काळी गाडीही तोच चालवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप दोन्ही करत होता. आता स्वतः व्हर्नला न्यायला शुक्रवारी सकाळी मोठ्या गावातल्या अंत्यविधीच्या कंपनीची गाडी येणार होती.

ऑलिव्ह शेवटी बसली. हातमोजे काढून तिने ते टेबलावर एकमेकांवर नीट ठेवले.

"पेटी विकतची आहे," ती म्हणाली. "पितळी मुठी, आत सॅटिन. व्हर्नने बघितली असती तर उठून बसला असता. सांध्यांना गोंद लावलाय गं नुसता."

आयडाला हसू आलं. मग ऑलिव्हलाही आलं.

"कंपनीच्या त्या पोराला मी म्हटलं, पुलाशी थांबायचं. तो म्हणतो, कशाला, वर काही चालू आहे का? म्हटलं, काही चालू नाही, पण थांबायचं. का थांबायचं, ते काही मला सांगता येईना."

*

वेरिनबा गाव एका सपाट, ओलसर खोऱ्याच्या अलीकडे आहे आणि गावची दफनभूमी पलीकडे. मधे ओढा, गाईंची कुरणं, आणि त्या सगळ्यावरून या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत गेलेला लाकडी रेल्वेपूल. रेल्वेच्या लेखी त्याला कसलासा क्रमांक होता. गावासाठी तो लांब पूल. वरच्या डोंगरांतून बैलांनी ओढून आणलेल्या जडशीळ लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर रुळांखालचे आडवे स्लीपर, आणि लोखंड म्हणाल तर रूळ आणि बोल्ट एवढंच. बांधला तेव्हा लोक म्हणत, रेल्वेने आख्खं जंगल उचलून आडवं ठेवलंय.

पूल लाकडाचा आणि इंजिन कोळशाचं. यातली अडचण पहिल्याच उन्हाळ्यात कळली. इंजिनाखालून पडलेला निखारा स्लीपर आणि तुळई यांच्या फटीत जाऊन बसे. तिथे गवताचं बी, वाळकी पानं, लाकडाचा भुसा साठलेला असायचा. त्यात निखारा ज्वाळा न धरता तासन् तास धुमसत राही. लाकूड आतून कोळसा होत जाई आणि बाहेरून काही दिसत नसे; धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असे. म्हणून रेल्वेने पुलाच्या टोकाशी एक घर बांधलं आणि घरातल्या माणसाला एकच काम दिलं. प्रत्येक गाडी गेली की पूल चालून बघायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, फटीफटीत बघत, संशय आला तर तळहात लावून. ठिकठिकाणी पाण्याची पिंपं आणि ओली गोणपाटं ठेवलेली असत.

आधी हे काम आयडाची आई करायची. तिचे गुडघे गेल्यावर आयडा करू लागली. तेव्हा ती विशीतही नव्हती.

हात वर करण्याची रीत मात्र रेल्वेची नाही, ती गावाची. ती सुरू झाली गिलहूली म्हातारीच्या अंत्ययात्रेपासून. तेव्हा काळी गाडी घोड्यांची होती. दफनभूमीचा रस्ता पुलाखालून जातो. गाडी नेमकी खाली आली असताना वरून रेल्वे गेली, एक निखारा पेटीवरच्या वाळलेल्या फुलांवर पडला आणि फुलांनी भडका घेतला. घोडे उधळले ते थेट ओढ्यात. पेटी खालच्या अंगाला एका झाडाला अडकलेली सापडली. तिचा मुलगा पुढे कित्येक वर्षं गुत्त्यात सांगायचा, "आई जिवंतपणी कधी एवढी धावली नव्हती."

त्यानंतर ठरून गेलं. अंत्ययात्रा पुलाच्या अलीकडे थांबायची. रेल्वे गेलेली असो वा नसो, पूल चालून बघणाऱ्या बाईने वरून चालत यायचं, रस्त्याच्या बरोबर वर उभं राहायचं, आणि कुठे काही धुमसत नाही याची खात्री झाली की हात वर करायचा. मगच खालची गाडी हलायची.

पुढे डिझेलची इंजिनं आली. निखारे संपले, पिंपं उन्हात वाळून फुटली. रेल्वेने आयडाला तिकीटखिडकीवर बसवलं, पण अंत्ययात्रा असली की ती खिडकी लावून पुलावर जायचीच. नंतर रेल्वेच बंद झाली. रूळ उचलून नेले. स्टेशनात लोकर ठेवू लागले. राहायचं घर तेवढं आयडाने विकत घेतलं. अंत्ययात्रा थांबत राहिली, आणि आयडा वर जात राहिली. हे चालू ठेवायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. बंद करायचं असंही कोणी ठरवलं नाही.

यातून एकदा गंमतही झाली होती. दूध तपासणारा नवा साहेब गावात आला, काळ्या लांब गाडीतून. पुलाशी येऊन तो नकाशा बघायला थांबला. आयडा त्या वेळी पुलाच्या टोकाशी ब्लॅकबेरी तोडत होती. खाली काळी गाडी थांबलेली बघून तिला वाटलं, कुणी गेल्याचं आपल्याला कळलंच नाही. ती लगबगीने पुलावर रस्त्याच्या बरोबर वर आली आणि तिने हात वर केला. कुरणातल्या शेतकऱ्यांनी तो हात बघितला आणि भराभर टोप्या काढल्या. साहेब दोन्ही बाजूंना मान लववत गावात शिरला आणि डेअरीत म्हणाला, इतकी सभ्य माणसं मी कुठे बघितली नाहीत. त्या वर्षी कुणाच्या दुधात पाणी निघालं नाही.

आयडाने लग्न केलं नाही. गाव म्हणायचं, आयडा पुलाला दिली. ती म्हणायची, "पूल घोरत नाही."

*

चहा झाला. ऑलिव्हने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुझं आणि व्हर्नचं बोलणं काय व्हायचं गं?"

"बोलणं?" आयडा म्हणाली. "दुकानात व्हायचं. खिळे घेताना. पाऊस आहे, पाऊस नाही."

"तेवढंच?"

"एकदा त्यानं विचारलेलं, बिजागरी डावी हवी की उजवी."

"तेच तर झोंबायचं मला," ऑलिव्ह म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बोलला असतात तर भांडले असते. आता काय म्हणून भांडू? तू वर, तो खाली. तू हात केलास, त्यानं हॅट घातली. संपलं. याच्यावर बाई भांडणार कशी?"

आयडापुरतं ते खरंच तेवढंच होतं. गाडी थांबायची, व्हर्न उतरायचा, हॅट काढून रस्त्याकडेच्या खांबाशी उभा राहायचा. वरून त्याच्या डोक्यावरचे केस आधी काळे दिसत, मग करडे, मग दिसेनासे झाले. ती हात करायची. तो हॅट घालायचा. इतक्या लोकांना त्या दोघांनी मिळून पलीकडे पोहोचवलं होतं. आयडाची आई, व्हर्नचा बाप, शाळेतली ती जुळी पोरं. त्या जुळ्यांच्या दिवशी तिने हात नेहमीपेक्षा जास्त वेळ वर धरला होता आणि खाली व्हर्नने हॅट घालायला वेळ लावला होता, हात खाली येईपर्यंत. यापलीकडे काही झालं असेल तर ते तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"तुझा हात दिसायचा नाही त्याला," ऑलिव्ह म्हणाली.

"काय?"

"डोळे गेले होते त्याचे. लांबचं धुरकट. शेवटची काही वर्षं गाडी मीच चालवायचे, तो नुसता शेजारी. आणि धुक्याच्या दिवशी तर आधीपासूनच कुणाला काय दिसायचं?"

"मग हॅट कशी घालायचा बरोबर?"

"खांबाला डोकं टेकवून उभा राहायचा. लोकांना वाटायचं, दमलाय बिचारा." ऑलिव्हने हातमोजे उचलले, परत ठेवले. "मी एकदा टेकवून बघितलं. ऐकू येतं. लाकडातून खालपर्यंत येतं सगळं. तुझी पावलं थांबली की कळायचं त्याला. तुझा डावा पाय जरा जड पडतो."

"लहानपणी मोडला होता."

"माहितीय. एकदा घरी आला आणि म्हणाला, आयडाला नवे बूट चावताहेत. माझ्या पायात काय आहे, हे कधी कळलं नाही त्याला." ती उठली. "राग नाही आला असं नाही. आला. अजून आहे. पण त्याला असाच कसा नेऊ खालून, वर कुणी नसताना? ये तू."

"पुलाला कुंपण घातलंय," आयडा म्हणाली. "कुलूप आहे."

"मग कुलूप उघडायला सांग. कधी कुणाकडे काही मागितलं नाहीस तू. हे माग."

*

कुलपाची किल्ली टेगनकडे होती. टेगन नगरपालिकेची पूल तपासनीस, इंजिनिअर, तिशीच्या आतली. दोन आठवडे ती दोरखंडाला लोंबकळून पुलाच्या तुळयांना पेन्सिलीएवढी भोकं पाडत होती, बाहेर येणारा कीस नाकाशी नेत होती आणि भोकं परत लाकडी खुंट्यांनी बंद करत होती. आयडा रोज खिडकीतून ते बघायची. पोरगी घाई करत नाही, हे तिला आवडलं होतं.

"मला शुक्रवारी वर जायचंय," आयडा कुंपणाशी येऊन म्हणाली.

"वर कुणालाच सोडत नाही, मिस पास्को. तुम्ही शेवटचं कधी गेला होतात?"

"हिवाळ्यात. डेनिस ओकशॉटला नेलं तेव्हा."

"पण कुंपण तर त्याच्या आधीपासून आहे."

"खालून गेले. ससे जातात तिथून."

टेगन हसली नाही. तिने हेल्मेट काढलं आणि घामाने चिकटलेले केस मागे सारले. "कशासाठी जायचंय?"

आयडाने सांगितलं. फार थोडक्यात. टेगनने मधे एक-दोन प्रश्न विचारले: निखारा कुठल्या फटीत बसायचा, तळहाताला ऊब लागायला किती वेळ लागायचा. उत्तरं ऐकून तिने पुलाकडे पुन्हा एकदा बघितलं.

"या," ती म्हणाली आणि किशाच्या दोन पुड्या तिने उघडून दाखवल्या. एकीत लालसर, कुरकुरीत कीस होता. दुसरीत तपकिरी पूड, ओल्या मातीसारख्या वासाची. "दोन्ही तुळया बाहेरून सारख्याच दिसतात. ही रस्त्याच्या अलीकडची, ही पलीकडची. अलीकडचा भाग माणसाचं वजन आरामात घेईल, मी स्वतः तपासलाय. रस्त्याच्या पुढे मी स्वतःसुद्धा दोराशिवाय पाऊल टाकत नाही."

आयडाने ती पूड चिमटीत घेऊन चोळली. तिचं काही उरलं नाही.

"रस्त्यापर्यंत, मग," ती म्हणाली.

"मी पिवळी रेघ मारून ठेवते. तिच्यापुढे नाही. आणि मी इथे टोकाशी उभी राहणार."

"रीत पार टोकापर्यंत जायची आहे."

"मिस पास्को."

"बरं बाई. रेघेपर्यंत."

*

शरद ऋतूत वेरिनबाचं खोरं रात्रभर गार हवा साठवतं. टेकड्यांवरची थंडी वजनाने खाली उतरते, ओढ्याच्या वाफेला भेटते आणि सकाळी सगळं खोरं काठोकाठ पांढरं भरलेलं असतं. शुक्रवारी तसंच होतं. पूल त्या पांढऱ्यातून जेमतेम वर होता; खांब दिसतच नव्हते. धुक्यावर ठेवलेली एक लांब फळी, एवढंच काय ते दिसत होतं. खाली कुठेतरी गाई चरत होत्या, त्यांच्या गवत तोडण्याचा आवाज मात्र अगदी कानाशी येत होता.

टेगनने कुलूप काढलं. आयडाने काळा कोट घातला होता आणि पायात जुनेच बूट.

ती निघाली. पहिल्या काही पावलांत शरीराला सगळं आठवलं: स्लीपरमधलं अंतर, कुठे पाय टाकायचा, कुठे नाही. सवयीप्रमाणे ती उजवीकडच्या फटी बघत होती, मग डावीकडच्या. फटींत आता शेवाळ होतं, एके ठिकाणी चिमणीच्या खोप्याचा चुरा, एके ठिकाणी नेच्याचं कोवळं रोप. जिथे पूर्वी पिंपं असत तिथे लाकडावर गोल डाग राहिले होते. धुकं पुलाच्या कडेने हळूहळू वर येत होतं, परत खाली जात होतं. मधेच तिला वाटलं, मागून गाडी येतेय आणि आपण बाजूला व्हायला हवं. ती दोनदा बाजूला झालीही.

खाली मोटारींचे आवाज आले. एक, मग त्यामागे बऱ्याच. एकेक इंजिन बंद होत गेलं. शेवटचं बंद झालं तेव्हा पिवळी रेघ तिच्या बुटांच्या टोकाशी होती.

तिने खाली बघितलं. धुक्यात दोन फिकट पिवळे दिवे होते. बाकी काही नाही. दारं उघडल्याचे आवाज, खडीवर पावलं, कुणीतरी खोकलं. एक लहान मूल काहीतरी विचारू लागलं आणि त्याला गप्प केलं गेलं. मग पूर्ण शांत.

आता हात वर करायचा होता.

आयडाचा हात कोटाच्या बाजूला होता, तो तिथेच राहिला. जोवर तो वर जात नाही तोवर ते दिवे हलणार नव्हते. व्हर्न तिथे खाली होता. अलीकडे होता. तिने इतकी वर्षं इतक्यांना सोडलं होतं आणि हात किती हलका असतो याचा तिला कधी विचारही करावा लागला नव्हता.

टोकाशी उभ्या टेगनला फक्त पाठ दिसत होती. बराच वेळ झाला तसं तिने हाक मारली, "मिस पास्को? सगळं ठीक आहे ना?"

"थांब जरा," आयडा न वळता म्हणाली. "अजून धूर दिसतोय."

टेगनने पुलाकडे बघितलं; त्यावरून शेवटचं कोळशाचं इंजिन तिच्या जन्माआधीच गेलं होतं. चहूकडे पांढरं होतं. "बरं," ती म्हणाली. "सावकाश बघा."

आयडा गुडघ्यांवर बसली. लाकूड ओलं होतं, ओल लगेच आत शिरली. तिने समोरच्या फटीत तळहात घातला आणि धरून ठेवला, आई शिकवायची तेवढा वेळ. गार. पुढची फट. गार. डावीकडची, तिच्यापलीकडची. शेवाळाखाली लाकूड घट्ट होतं, आणि कुठेही, कणभरही ऊब नव्हती. खाली सगळं गाव उभं होतं आणि कुणी हॉर्न वाजवला नाही, कंपनीच्या पोरानेसुद्धा. तिला अजून बसून राहता आलं असतं. पण पुलाबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि आत्ता एकदा बोलून झालं होतं.

ती कठड्याला धरून उठली. कोट गुडघ्यांशी ओला झाला होता. रस्त्याच्या बरोबर वर उभी राहिली, पाय जुळवले, आणि हात वर केला. पूर्ण, बाही मागे सरकेपर्यंत. तो तिने तसाच धरला.

मग खालून, रस्त्याकडेच्या खांबापासून, ऑलिव्हचा आवाज आला, कुणाला तरी सांगणारा, स्पष्ट, "चला."

इंजिन सुरू झालं. दोन पिवळे दिवे हलले, पुलाखाली शिरले, आणि जिकडे बघायचं तिने इतका वेळ टाळलं होतं त्या दुसऱ्या बाजूने दोन लाल दिवे बाहेर पडले. त्यांच्यामागे बाकीच्यांचे. रस्ता तिथे थोडा चढतो. लाल दिवे एकेक करून धुक्यात उंच होत गेले आणि मग दिसेनासे झाले. शेवटच्या मोटारीचा आवाज विझेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.

पिवळ्या रेघेपुढे पूल तसाच जात होता. नेहमी ती पुढे जायची, पार त्या टोकापर्यंत, कारण अर्धा बघितलेला पूल न बघितल्यासारखाच. तिने रेघेकडे बघितलं. टेगनने ती पट्टी धरून काळजीपूर्वक मारली होती, कुठेही वाकडी नव्हती.

आयडा वळली. परत येताना ती कुठे वाकली नाही, कशाला हात लावला नाही, डावीउजवीकडच्या फटींकडे तिने बघितलंही नाही. ती नुसती चालत आली, आपल्या गावातल्या पुलावरून कुठलीही बाई चालत येते तशी.